चाकरमान्याला गावकीची खोली होती, मग टाकलेल्या बाईला का नाही?

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळगाव. या गावाच्या नावावरूनच आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे आडनाव आले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून जयभीमचा गजर होतो. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद आंबडव्याला येऊन गेले. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. हे सगळे अभिमानाचेच आहे. पण ज्या तालुक्याचे नाव बाबासाहेबांमुळे देशभर गेले, त्याच तालुक्यात नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई स्वतःच्या कमाईवर एका खोलीत सन्मानाने राहू शकते का? हा प्रश्न आम्ही आमच्याच समाजाला विचारतो आहोत. सरकारला काय विचारायचे ते पुढे येईलच.

'टाकलेली' हा शब्द कुणाचा?

नवरा-बायकोचे पटले नाही, संसार मोडला. पुरुष मुंबईला निघून गेला की त्याला आम्ही 'चाकरमानी' म्हणतो. बाई मागे राहिली की ती 'टाकलेली', 'सोडलेली', 'नवऱ्याने नांदवली नाही ती'. तीच मारझोडीला कंटाळून स्वतः बाहेर पडली असेल तरीही शब्द तोच. नवऱ्याने मुंबईत दुसरे बिऱ्हाड केले, पैसे पाठवणे बंद केले, तरी दोष तिचाच. लग्न न करता एकत्र राहिलेल्या आणि नंतर वेगळ्या झालेल्या मुलींच्या वाट्याला तर याहून वाईट शब्द येतात. शहरात त्याला ब्रेकअप म्हणतात आणि दोघेही पुढे जातात. गावात फक्त तो पुढे जातो.

ही लाज आमच्यात आली कुठून? आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, पाट लागत होता. लग्न हा सात जन्मांचा संस्कार आहे, तो मोडता येत नाही, ही समजूत वरच्या जातींची. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. या देशातल्या बहुसंख्य शूद्र आणि अस्पृश्य जातींत रूढीने घटस्फोट आधीपासून चालतोच, मग मूठभरांची रीत सगळ्यांवर कायदा म्हणून का लादायची, असा त्यांचा सवाल होता. त्याच्याही आधी, २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, असा ठराव त्या परिषदेने केला. आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आयाबहिणींनी तो केला आणि आज पदवीधर झालेले त्यांचे नातू घटस्फोट म्हटले की तोंड लपवतात! बुद्धाचा धम्म घेतला, पण बाईच्या बाबतीत मनूची लाज घरात तशीच ठेवली, असाच याचा अर्थ होतो.

हिंदू कोड बिल बासनात गुंडाळले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होते. पुढे १९५५ आणि ५६ मध्ये तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. घटस्फोट, पोटगी, वारसा हे शब्द कायद्यात आले आणि बौद्धांनाही तेच कायदे लागू आहेत. म्हणजे जी बाई आज वेगळी राहते, ती बाबासाहेबांनी मंत्रीपद सोडून ज्याची किंमत मोजली तो हक्क वापरते आहे. तिच्याकडे कीव करून पाहण्याचे कारण काय?

हक्क आहे, पण हिशेब बसत नाही

हक्क कागदावर असतो आणि भाडे दर महिन्याला द्यावे लागते. म्हणून आपण एक हिशेब मांडून पाहू. हा कुणा एका बाईचा नाही, नमुन्याचा आहे.

शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई धरू. तिचे मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. 'लाडकी बहीण'चे १,५०० आले तर एकूण ४,०००. आता खर्च. तालुक्याच्या गावात साधी खोली २,००० धरू. वीजबिल २००. गॅस सिलिंडर साडेआठशेचा धरून तो दोन महिने पुरवला तर महिन्याला सव्वाचारशे. मोबाईलचे रिचार्ज २००, कारण त्याशिवाय ना काम मिळते ना ओटीपी. डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, चहा-साखर, साबण मिळून १,५००. औषध आणि एसटी ३००. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागते. बेरीज ४,६२५. म्हणजे कापड नाही, चप्पल नाही, आजारपण नाही, मूल असेल तर त्याची वही नाही, तरीही सव्वासहाशेची तूट.

रेशन मोफत आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पाच माणसांच्या घरात २५ किलो येते, एकटीच्या घरात ५ किलो. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला ते अर्धा महिना पुरते. खोलीचे भाडे, विजेचा स्थिर आकार, गॅस हे खर्च मात्र माणसे मोजून येत नाहीत. चौघांत वाटले तर ते हलके, एकटीच्या डोक्यावर सगळे. गरिबाचे एकटेपण हे असे दुप्पट महाग असते.

आणि कोकणात हिशेब महिन्याचा नसतो, आगोटीचा असतो. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करावी लागते. तांदूळ, मिरची, आमसुले, सुकट-बोंबील, जळण, घर कौलारू असेल तर शाकारणी, नसेल तर किमान ताडपत्री. एकदा पाऊस लागला की मजुरी लावणीपुरती, बाकी घरात बसून खायचे. नेमक्या त्याच मे महिन्यात शाळा बंद आणि पोषण आहाराचे मानधनही बंद. ज्याच्या हातात मे महिन्यात रोख पैसा आहे तो स्वस्तात भरून ठेवतो. जिच्या हातात नाही ती जुलैत दुकानदाराकडे उधारीवर पाव किलो, अर्धा किलो घेते आणि जास्त पैसे मोजते. 'बायकांना काटकसर येत नाही' म्हणणाऱ्यांनी ही आगोट एकदा सव्वासहाशेच्या तुटीत करून दाखवावी.

सरकारच्या लेखी ती कोण?

योजना आहेत, नाही कसे म्हणता येईल? पण प्रत्येक योजनेच्या दारात तिला विचारले जाते, तू कुणाची?

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला गेला. विचार करा, जो माणूस चार वर्षांपूर्वी सोडून गेला त्याला फोन करून ओटीपी मागायचा! ओरड झाल्यावर सवलत दिली गेली. वडील-नवरा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश द्यावा. विधवेकडे कागद असतो. कोर्टात गेलेल्या घटस्फोटितेकडेही असतो. पण जिला नुसतेच सोडून दिले, तिच्याकडे कोणता कागद असणार? सोडून जाणारा माणूस दाखला देऊन जात नाही.

आणि अशाच बाया जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त असे दोन वेगळे रकाने होते. देशात विभक्तांची संख्या घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट निघाली. म्हणजे कागदाशिवाय मोडलेले संसार कागदावर मोडलेल्या संसारांहून कितीतरी अधिक आहेत, आणि कार्यालये मात्र कागद मागतात.

संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता बसतात. महिना १,५०० रुपये. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० ठेवलेली. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ६८ दिवस काम केले की २१,२१६ रुपये होतात. म्हणजे वर्षातले ६८ दिवस घाम गाळला की बाई सरकारच्या लेखी निराधार राहत नाही! आणि निराधारचे १,५०० घेतले तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. एकटीने काम करून वर मदत घेऊन पायावर उभे राहावे, असा विचार या नियमांत कुठेच नाही. तिने एक तर पूर्ण लाचार असावे, नाहीतर कुणाच्या तरी घरात असावे.

रमाईचे नाव आणि रमाईचे घर

आता आमच्या चळवळीकडे वळू. संसार मोडलेली बाई गाऱ्हाणे घेऊन आली की आमचे पुढारी तिला रमाईचा दाखला देतात. रमाईने काय नाही सोसले, तूही सोस. हा रमाईचा अपमान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दापोली तालुक्यातल्या वणंदची ही लेक, बाबासाहेब शिक्षणासाठी परदेशी असताना मुंबईत अपार गरिबीत घर चालवत होती, लेकरांचे मृत्यू सोसत होती. पण ते दोघांनी मिळून पत्करलेले कष्ट होते. समाजाच्या मुक्तीसाठी शिकायला गेलेला नवरा आणि दारू पिऊन मारणारा किंवा दुसरे बिऱ्हाड करून बसलेला नवरा यांना एका ओळीत बसवता? रमाईचा त्याग हा टाकून जाणाऱ्या पुरुषांचे पांघरूण नव्हे.

रमाईच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी घरकुल योजना आहे. घर बांधायला अनुदान मिळते, पण त्याला जागा लागते. वेगळ्या झालेल्या बाईची जागा कुठे? नवऱ्याचे घर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. माहेरचे घर भावांच्या नावावर, कारण हक्कसोडपत्रावर तिने लग्नानंतर हसतखेळत सही केलेली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हे आणखी पक्के केले. तरीही 'बहिणीने हिस्सा मागितला तर माहेर तुटेल' ही भीती आमच्या घराघरांत घातली जाते. खोताने जमीन दिली नाही म्हणून आमच्या बापजाद्यांनी लढा दिला, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. आज आम्हीच आमच्या बहिणींचे खोत झालो आहोत का?

गावकीची खोली आठवा

बहिणीला एकटीने राहणे परवडत नाही, हे खरेच. पण एकट्या पुरुषाला ते कसे परवडले, हा प्रश्न आम्ही कधी विचारतो का?

कोकणातला माणूस गिरणीत, गोदीत कामाला गेला तेव्हा त्याचा पगार एकट्याने खोली घेण्याइतका नव्हताच. म्हणून गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींत एकेका खोलीत गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक गडी राहत. पाळीपाळीने झोपत, भाडे वाटून घेत. नोकरी गेली तरी गाव बाहेर काढत नसे. आणि जेवण? ते खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. घरच्या चुलीवर पाच-दहा गड्यांचे जेवण करून त्यांनी आपली घरे चालवली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेचे कर्ज मिळवून दिले.

एकट्या पुरुषाचे कमी पगारातले जगणे असे गावाच्या वर्गणीवर आणि बाईच्या चुलीवर उभे होते. त्याला कुणी लाचार म्हटले नाही. त्याला कुणी विचारले नाही, रात्री खोलीवर कोण येते. मग तीच व्यवस्था मंडणगडला एकट्या बाईसाठी का उभी राहत नाही? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. गावे बायांनीच धरून ठेवलेली आहेत, आणि एकट्या बाईसाठी गावात एक खोली नाही.

प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे. जयंतीच्या मंडपावर, ध्वनिक्षेपकावर, क्रिकेटच्या सामन्यांवर वर्गणी जमते. त्यातला थोडा भाग बाजूला काढून तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन खोल्या भाड्याने घेता येणार नाहीत का? चौघी एकत्र राहिल्या तर दोन हजारांचे भाडे पाचशेवर येते, गॅस वाटला जातो, आणि वर मांडलेल्या हिशेबातली तूट जाऊन थोडी शिल्लक पडते. आगोटीचे सामान मे महिन्यात घाऊक आणून ठेवता येते. बाहेरगावचे शिक्षक आणि कर्मचारी भाड्याने राहतात, त्यांना डबा लागतोच. आजही जातीचे नाव ऐकून किंवा 'बाई एकटीच आहे' म्हणून खोली नाकारली जाते. समाजाच्या नावाने घेतलेल्या खोलीला तो प्रश्न कमी येईल.

स्टॅम्पपेपर आणि न्यायालय

गावातली भांडणे गावात मिटवावीत म्हणून पंच बसतात आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, 'आम्ही दोघे परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत, पुढे काही मागणे नाही.' बायांनो, अशा कागदावर घाईने सही करू नका. परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला पोटगी मागता येत नाही, असे कायद्याचे कलमच आहे. तो कागद म्हणजे नवऱ्याच्या वकिलाच्या हाती दिलेले आयते हत्यार.

पोटगीसाठी मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. बाई जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची आहे, त्यामुळे अर्ज लांबवला तर नुकसान तिचेच. ठरलेली पोटगी थकली तर थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. लग्न न करता संसारासारखे एकत्र राहिलेल्या बाईलाही कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागता येते. नवी इमारत झाली, फोटो निघाले. आता त्या इमारतीत आमच्या भगिनींचे अर्ज जाऊ द्या.

काही समाजबांधव म्हणतील, अशाने संसार मोडायला उत्तेजन मिळेल. आमचे उत्तर असे की, भुकेच्या भीतीने टिकलेल्या संसाराला संसार म्हणत नाहीत, वेठबिगारी म्हणतात. जिला बाहेर पडल्यावर खोली मिळेल हे माहीत आहे, तिच्यावर हात उचलण्याआधी नवरा दोनदा विचार करेल. दुसरे कुणी म्हणतील, आधी आरक्षण, संविधान, अत्याचार हे मोठे प्रश्न सोडवू. संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा तो मोठा प्रश्न आहे हे महाराष्ट्राला मान्य करावे लागले. आमच्या चळवळीने तो स्वतःच्या यादीत कितव्या क्रमांकावर ठेवला आहे? घरातल्या बाईचे स्वातंत्र्य 'नंतर' बघू म्हणणारे काँग्रेसमध्येही होते आणि त्यांच्यामुळेच बाबासाहेबांना राजीनामा द्यावा लागला.

म्हणून आमचे म्हणणे असे :

१. सोडून दिलेल्या बाईकडे दाखला मागू नका. ग्रामसभेचा ठराव आणि अंगणवाडी सेविकेची पडताळणी पुरेशी माना. नवऱ्याचा ओटीपी कोणत्याही योजनेत नको.

२. निराधार योजनेची २१,००० ची मर्यादा रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीपेक्षा वर न्या.

३. आधार नसलेल्या एकट्या स्त्रिया अंत्योदयच्या निकषांत बसतात. त्यांना स्वतंत्र शिधापत्रिका आणि ३५ किलो धान्य द्या.

४. रमाई घरकुलात एकट्या बाईला पहिला क्रमांक द्या, जागेसह.

५. आणि समाजाने : एकही हक्कसोडपत्र बहिणीला वाचून दाखवल्याशिवाय होता कामा नये, एकही सोडचिठ्ठी वकिलाला दाखवल्याशिवाय होता कामा नये, आणि पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून मंडणगडला पहिली खोली घेतली गेली पाहिजे.

पहिल्या चार मागण्यांसाठी मोर्चा काढावा लागेल आणि आम्ही तो काढू. पाचवीसाठी मंत्रालयात जावे लागत नाही. मुंबई मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय मांडला की पुरे. विषय मांडायला एखादी भगिनीच उभी राहिली तर तिला बोलू द्या, मध्येच बसवू नका.

जयभीम! जय संविधान!